मुक्कामाची अट

सविनय कायदेभंगाच्या काळातल्या मुंबईबद्दल मराठीत लिहिताना परदेशी साक्षीदार म्हणून आपण ठरावीक नावे घेतो. २१ मे १९३० रोजी धरासणाच्या मिठागरावर लाठ्या खाणारे सत्याग्रही पाहून नंतर जखमींची मोजदाद करणारा युनायटेड प्रेसचा अमेरिकन बातमीदार वेब मिलर. जून महिन्यात मुंबईच्या मैदानावर शीख सत्याग्रहींना झालेली मारहाण 'शिकागो डेली न्यूज'ला कळवणारा नेग्ली फार्सन. आणि 'रिबेल इंडिया' (१९३१) हे पुस्तक लिहिणारा इंग्रज समाजवादी पत्रकार एच. एन. ब्रेल्सफर्ड, ज्याला या शहरात एकाच वेळी दोन सरकारे नांदताना दिसली. या मंडळींचे ऋण मोठे आहे. मिलरची तार मुंबईतच अडवली गेली होती. त्याने भांडून ती बाहेर काढली नसती, तर धरासणा जगाला कळायला वेळ लागला असता.

पण हे तिघेही पाहुणे होते. आले, पाहिले, लिहिले आणि पुढच्या कामगिरीवर गेले. सरकार त्यांची तार अडवू शकत होते, त्यांचे घर हिरावून घेऊ शकत नव्हते. कारण घर इथे नव्हतेच. मग इलाख्याच्या या राजधानीत किंवा तिच्या आसपास वर्षानुवर्षे बिऱ्हाड करून राहिलेले जे परदेशी लोक होते, त्यांनी सरकारविरुद्ध रस्त्यावर उतरलेली माणसे पाहून काय लिहिले? आपल्या समीक्षेने हा प्रश्न फारसा विचारलेला नाही. पाहुण्याची साक्ष ठसठशीत असते, उद्धृत करायला सोपी असते. मुक्कामी माणसाची साक्ष अर्धवट, आडवळणाची, कधी मध्येच तुटलेली असते. तिच्या या तुटकपणात एक कागद दडलेला असतो, आणि तो शेजारी ठेवल्याशिवाय तिचे वाचन पुरे होत नाही, असे मला वाटते.

सुरुवात बेंजामिन गाय हॉर्निमनपासून करावी लागते. १९०६ मध्ये तो कलकत्त्याच्या 'स्टेट्समन'मध्ये आला आणि १९१३ मध्ये फिरोजशहा मेहतांनी काढलेल्या 'बॉम्बे क्रॉनिकल'चा संपादक झाला. रौलट कायद्याविरुद्धच्या सत्याग्रहाच्या प्रतिज्ञेवर फेब्रुवारी १९१९ मध्ये ज्यांनी सह्या केल्या, त्यांत या इंग्रजाची सही आहे. ६ एप्रिलचा हरताळ आणि चौपाटीवरची गर्दी, नंतर गांधींच्या अटकेची बातमी येताच उसळलेली पायधुणी आणि तिथे जमावात घुसलेले घोडेस्वार पोलीस हे सारे त्याच्या रोजच्या शहरात घडत होते. त्याची प्रतिक्रिया अग्रलेखात उमटत होती. शिवाय तो स्वतः चळवळीच्या आतला माणूस होता. २६ एप्रिल १९१९ रोजी भारत संरक्षण कायद्याखाली त्याला हद्दपार करण्यात आले. तो आजारी होता, तरी त्याला घरातून उचलून बोटीवर चढवले गेले. काही काळ 'क्रॉनिकल'ही बंद पडले.

विलायतेत त्याने १९२० मध्ये 'अमृतसर अँड अवर ड्यूटी टु इंडिया' हे पुस्तक काढले. ज्या रस्त्यांचा तो प्रत्यक्ष साक्षीदार होता ते मुंबईचे, आणि पुस्तक लिहिले ते पंजाबवर. त्या वर्षी पंजाबवर लिहिणे हेच कर्तव्य होते, त्याबद्दल तक्रार नाही. पण एका मुक्कामी साक्षीदाराचा मुक्काम उठवला की त्याच्या हातात काय उरते, ते इथे दिसते. उरतो तो युक्तिवाद, इंग्रज वाचकाच्या सदसद्विवेकाला केलेले आवाहन. गिरगावचा, काळबादेवीचा तपशील बोटीबरोबर मागे राहतो. हॉर्निमन १९२६ च्या जानेवारीत परतला, पुन्हा पत्रकारितेत उतरला आणि स्वातंत्र्यानंतर एल्फिन्स्टन सर्कलला त्याचे नाव मिळाले. त्या बागेत दुपारी डबा खाणाऱ्या बँकवाल्यांपैकी कितीजणांना हा हॉर्निमन कोण ते ठाऊक असेल, हा भाग वेगळा.

मुंबईतला बहुतेक युरोपियन समाज अर्थातच त्याच्या बाजूचा नव्हता. 'टाइम्स ऑफ इंडिया' तेव्हा ब्रिटिश मालकीचा होता आणि फोर्टातल्या पेढ्या व मलबार हिलवरचे बंगले यांचे मन त्यात वाचायला मिळे. १९२८ ते १९३३ या काळातले गव्हर्नर सर फ्रेडरिक साइक्स यांचे 'फ्रॉम मेनी अँगल्स' (१९४२) हे आत्मचरित्रही आहे. पण राज्यकर्त्याने आपल्या राज्याविषयी दिलेली ती साक्ष आहे. तिथे मुक्काम धोक्यात नसतो आणि म्हणून माझ्या प्रश्नाला तिथे फारसे उत्तर नाही.

खरा गुंता आहे तो व्हेरिअर एल्विनचा. ऑक्सफर्डहून हा तरुण धर्मोपदेशक १९२७ च्या अखेरीस पुण्याच्या ख्रिस्त सेवा संघात आला. संघाचे संस्थापक जॅक विन्स्लो मराठी वाचकाला परके नाहीत. रेव्हरंड टिळकांचे इंग्रजी चरित्र त्यांनीच १९२३ मध्ये लिहिले. गांधींची चळवळ पेटली, तेव्हा एल्विन तिच्याकडे ओढला गेला. १९३० मध्ये त्याचे 'ख्राइस्ट अँड सत्याग्रह' निघाले, पुढच्या वर्षी विन्स्लोबरोबर 'द डॉन ऑफ इंडियन फ्रीडम' आणि १९३२ मध्ये 'ट्रुथ अबाउट इंडिया : कॅन वुई गेट इट?' या तिन्ही पुस्तकांवर उपदेशकाची छाप आहे. पटवून देण्याची घाई आहे. लेखक म्हणून एल्विन अजून घडायचा होता. पण तिसऱ्या पुस्तकाच्या नावातला प्रश्न मोलाचा आहे. हिंदुस्थानाविषयीचे सत्य आपल्याला मिळू शकते का, असे तो आपल्या देशबांधवांना विचारतो. आणि हे विचारणाऱ्यालाच लवकर त्याची किंमत मोजावी लागली.

४ जानेवारी १९३२ च्या पहाटे मुंबईच्या मणिभवनात पोलीस गांधींना पकडायला आले, तेव्हा एल्विन तिथेच मुक्कामाला होता. सोमवार, म्हणजे गांधींच्या मौनाचा दिवस. त्यांनी कागदावर लिहून एल्विनला निरोप दिला, की तुझ्या देशबांधवांना सांग, माझे त्यांच्यावरही आपल्याच माणसांइतके प्रेम आहे. एखाद्या परदेशी रहिवाशाला चळवळीने याहून मोठी जबाबदारी काय द्यावी? त्यानंतर तो वायव्य सरहद्द प्रांतातल्या दडपशाहीची पाहणी करायला गेला आणि सरकारने त्याला तिथून बाहेर काढले. त्याच वर्षी तो इंग्लंडला गेला, आणि परतायची वेळ आली तेव्हा सरकारने अट घातली : गोंडांमधल्या कामापुरते राहायचे, राजकारणात पडायचे नाही. एल्विनने ते मान्य करून लिहून दिले आणि शामराव हिवाळे या आपल्या मराठी मित्रासह मैकल डोंगरातल्या करंजियाला राहिला.

हाच तो शेजारी ठेवायचा कागद. १९३६ मध्ये एल्विनची 'लीव्हज फ्रॉम द जंगल' ही गोंड गावातल्या दिवसांची रोजनिशी प्रसिद्ध झाली. लेखक म्हणून तो इथे एकदम मोकळा होतो. आधीच्या पुस्तकांतला उपदेशाचा सूर जातो. विनोद येतो, स्वतःची फजिती येते, माणसे दिसू लागतात. रामचंद्र गुहा यांनी एल्विनच्या चरित्रात हा सारा प्रवास बारकाईने मांडला आहे. आदिवासींनी एल्विनला लेखक केले, असे सर्वसाधारण मत आहे आणि ते खरेही आहे. पण तो लिहून दिलेला कागद उशाशी ठेवून ही रोजनिशी वाचली तर तिचा विनोद जरा वेगळा ऐकू येतो. दोन वर्षांपूर्वी लाठीमाराबद्दल तळमळून लिहिणारा माणूस आता एका शब्दानेही तिकडे वळू शकत नाही; त्याची सारी धार स्वतःच्या आजारपणांवर, पाहुण्यांवर आणि गावच्या रोजच्या गमतींवर वळलेली आहे. ज्याला आपण शैलीतला बदल म्हणतो, त्याचा एक धागा सरकारी टेबलावरून निघालेला आहे. याने रोजनिशीचे मोल कमी होत नाही. मला तर ती त्यामुळे अधिक गंभीर वाटते.

एल्विनला लावलेली ही अट एकट्यादुकट्यासाठी नव्हती. पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटिश नसलेल्या मिशन संस्थांना, आमचे लोक सरकारशी निष्ठेने वागतील, अशी हमी द्यावी लागे. ती मोडली तर काय होते, हे १९३० मध्ये मदुरेकडच्या राल्फ कीथान या अमेरिकन मिशनऱ्याच्या उदाहरणाने सगळ्यांना समजले. गांधींचे पत्र व्हाइसरॉयकडे घेऊन गेलेला रेजिनाल्ड रेनॉल्ड्स हा तरुण इंग्रज क्वेकर त्याच्याकडे उतरला होता. कीथानला देश सोडावा लागला.

म्हणजे राजधानीतल्या रस्त्याची झळ तालुक्याच्या गावातल्या मिशनच्या बंगल्यापर्यंत पोचत होती. आमच्याकडे, घोडनदीच्या काठी शिरूरला, अमेरिकन मराठी मिशनचे जुने ठाणे. शाळा, वसतिगृह, हातांना काम शिकवणारे वर्ग. पुणे-नगर रस्त्यावर हे शिरूर आणि दक्षिणेला भीमेकाठी दौंड, मनमाडचा फाटा १८७८ मध्ये सुरू झाल्यापासूनचे जंक्शन, रेल्वेतल्या गोऱ्या आणि अँग्लो-इंडियन नोकरदारांच्या वसाहतीचे गाव. परका मुक्कामी माणूस म्हणजे काय, हे या दोन तालुक्यांना पुस्तकातून शिकावे लागलेले नाही. १८७४ च्या डिसेंबरात शिरूर तालुक्यातल्या करड्याला काळूराम या मारवाडी सावकाराने देशमुखाच्या घरावर हुकूमनामा बजावला आणि गावाने सावकारांवर बहिष्कार घातला. पुढच्या मे महिन्यात जुन्या भीमथडी तालुक्यातल्या सुप्याला दंगा पेटला. दौंड पाटसचा भागही तेव्हा भीमथडीतच होता. त्या दंग्यांचे जे सविस्तर वर्णन आपल्याकडे आहे, ते सरकारने नेमलेल्या आयोगाचे. शेतकऱ्याचा आवाज त्यात जबानी म्हणून, साहेबाच्या इंग्रजीतून गाळून येतो. ते वाचताना आपण सावध असतो : हे कोणी, कोणाला, कशासाठी सांगितले? तीच सावधगिरी मिशनच्या कागदांबाबत हवी. हमीखाली राहणाऱ्या माणसाने शाळेची पटसंख्या, पाऊस आणि पटकी यांवर पानेच्या पाने लिहावीत आणि प्रभातफेरीवर एक ओळ, किंवा तीही नाही, यावरून त्याला प्रभातफेरीचे काही वाटलेच नाही असे ठरवता येत नाही. वाटले असेल असेही गृहीत धरता येत नाही. राष्ट्रवादी इतिहासकार पहिली चूक करतात, मिशनचे अभिमानी दुसरी.

याच पट्ट्यातून गिरण्यांकडे माणसे जात होती. शिरूरला लागून असलेल्या आंबेगाव तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचा बाबू गेनू हा त्यांपैकीच. १२ डिसेंबर १९३० ला काळबादेवीत विलायती कापडाच्या ट्रकपुढे तो आडवा झाला आणि ट्रक त्याच्यावरून गेला. या प्रसंगाच्या नेहमीच्या वर्णनांत मँचेस्टरचा व्यापारी येतो, इंग्रज सार्जंट येतो. दोघेही शहरात राहणारे परदेशी. दोघेही आपल्या कथेत मुके. पोवाड्याला ते चालते, खलनायकाने बोलायची गरज नसते. पण ट्रकच्या त्या बाजूला बसलेल्या माणसाला त्या दिवशी काय दिसले, हा प्रश्न नाटककाराला किंवा कादंबरीकाराला पडायला हरकत नव्हती.

स्वातंत्र्यानंतर अट गेली असे नाही. अट घालणारे सरकार बदलले. एल्विनने १९५४ मध्ये भारतीय नागरिकत्व घेतले. मुंबई महाराष्ट्राची राजधानी झाल्यावर तिच्या रस्त्यावर जी आंदोलने झाली, त्यांची मला महत्त्वाची वाटणारी मुक्कामी परदेशी साक्षीदार म्हणजे गेल ऑम्व्हेट. १९७२ च्या दुष्काळात आमच्याकडच्या बायका खडी फोडायला जात होत्या, तेव्हा मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या महागाई प्रतिकार आघाडीच्या बायका लाटणी घेऊन रस्त्यावर येत होत्या. त्या वर्षांतल्या स्त्रियांच्या हालचालींवरचे ऑम्व्हेटचे 'वुई विल स्मॅश धिस प्रिझन' हे पुस्तक लंडनहून १९८० मध्ये आले. ते प्रथमपुरुषी आहे. लेखिका सभेत आहे, चर्चेत आहे, बाजू घेते आहे. त्यातल्या सिद्धान्ताचा भाग आज जुना वाटतो, काही ठिकाणी मार्क्सवादी परिभाषा बायकांच्या बोलण्याच्या अंगावर बसते. पण बायका बोलतात. 'ट्रुथ अबाउट इंडिया'त चळवळीतले लोक जखमी होतात, निर्मळ राहतात, क्षमा करतात. ऑम्व्हेटकडे ते कुरकुरतात, नवऱ्याबद्दल सांगतात, पुढाऱ्यांना नावे ठेवतात. पाहुण्याला जखमा दिसतात. कुरकूर ऐकायला मुक्काम लागतो, आणि भाषाही. ऑम्व्हेट मराठी शिकली होती. कासेगावला संसार मांडून १९८३ मध्ये ती भारतीय नागरिक झाली आणि मुक्काम हा प्रश्न तिच्यापुरता तरी मिटला.

इतरांपुरता तो मिटलेला नाही. डिसेंबर २०१९ मध्ये नागरिकत्व कायद्याविरुद्धच्या निदर्शनांत भाग घेतला म्हणून मद्रास आयआयटीतल्या एका जर्मन विद्यार्थ्याला परत जायला सांगितले गेले. कलकत्त्याच्या जादवपूर विद्यापीठातल्या एका पोलिश विद्यार्थ्यालाही तशीच नोटीस आली. तो न्यायालयात गेला आणि मार्च २०२० मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयाने ती रद्द केली. दोन्ही शहरे राज्यांच्या राजधान्या, आणि जुन्या इलाख्यांच्याही. आज रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीतल्या कोरियन कारखान्यांमुळे आमच्या रस्त्यावरही परदेशी माणसे दिसतात. पुणे-नगर रस्ता कांद्याच्या भावासाठी किंवा आरक्षणासाठी अडवला जातो, तेव्हा त्यांच्याही गाड्या तासन्‌तास रांगेत उभ्या राहतात. काचेआडून ते बघतात, फोटो काढतात. घरी काही लिहून पाठवत असतील, तर ते कोरियनमध्ये.