निराळा स्वर की मानवी स्वर?

पुरुषाच्या मापाने स्त्रीचे मन मोजले, तर ते उणे भरणारच. कॅरल गिलिगन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विदुषींच्या ‘इन अ डिफरंट व्हॉइस’ (१९८२) या ग्रंथाचा गाभा हाच आहे. हार्वर्ड विद्यापीठात त्यांनी लॉरेन्स कोलबर्ग यांच्यासमवेत काम केले. कोलबर्ग यांनी नैतिक विचाराच्या विकासाच्या सहा पायऱ्या मांडल्या. परंतु त्यांचे मूळ संशोधन केवळ मुलग्यांवर झाले होते.

ग्रंथातील एक उदाहरण मननीय आहे. पत्नी मरणपंथाला लागली आहे आणि औषधविक्रेता न परवडणारी किंमत मागतो. पतीने औषध चोरावे काय? अकरा वर्षांचा जेक हिशेब मांडतो: पैशाहून प्राण मोलाचा, म्हणून चोरावे. त्याच वयाची एमी चोरीला नकार देते. पती तुरुंगात गेला, तर पत्नीचे दुखणे वाढल्यास तिचे काय? त्यापेक्षा बोलून मार्ग काढावा. कोलबर्ग यांच्या मापाने एमी खालच्या पायरीवर उतरते. गिलिगन दाखवून देतात की ती मागे नाही. जेक हक्क पाहतो, ती नाते पाहते. ही दृष्टी हे या ग्रंथाचे खरे बळ होय.

हा स्वर लिंगावरून नव्हे, तर आशयावरून ओळखावा, असे लेखिकेने आरंभीच बजावले आहे. तथापि ग्रंथाची मांडणीच अशी आहे की ‘न्याय पुरुषाचा, माया स्त्रीची’ ही वाटणी वाचकाच्या मनात ठसावी. येथे आमचा आक्षेप आहे. लॉरेन्स वॉकर यांनी १९८४ साली अनेक अभ्यास पडताळले, तेव्हा कोलबर्ग यांच्या मापावर स्त्री-पुरुषांत फारसा फरक आढळला नाही. पुढे १९९० साली जोन मिलर व त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतीय हिंदू आणि अमेरिकन यांची तुलना केली. गरजवंताला साहाय्य करणे हे भारतीयांना बंधनकारक कर्तव्य वाटले. गरज लहानशी असली, तर पुष्कळ अमेरिकनांना तो ज्याच्या त्याच्या मर्जीचा प्रश्न वाटला. म्हणजे माया केवळ स्त्रीच्या प्रकृतीतून येत नाही. संस्कृतीही ती घडविते.

हा वाद केवळ पंडितांचा नव्हे. सोशिकपणा हा बाईचा स्वभावच, असे एकदा ठरले की आजाऱ्याच्या उशाशी जागणे तिच्याच वाट्याला येते आणि पुरुष निर्धास्त झोपतो. गिलिगन यांचे याविषयीचे म्हणणे सहसा दुर्लक्षिले जाते: जी काळजी वाहणारीला स्वतःला वगळते, ती अद्याप प्रौढ झालेली नाही. २०२३ साली त्यांनी आपल्या नव्या पुस्तकाला ‘इन अ ह्यूमन व्हॉइस’ असे नाव दिले, हे आम्हांस अर्थपूर्ण वाटते. सेवेचा उपदेश मुलीला करावयाचा, तर तो मुलालाही करावा. आणि स्वतःचा जीव जपण्याचा अधिकार मुलाला असेल, तर तो मुलीलाही असावा.