पोकळ भिंत वाचताना

काँक्रीटचा ब्लॉक आठ इंच उंच आणि सोळा इंच लांब, असं म्हणायची पद्धत आहे. पट्टी लावून मोजलात तर तो दोन्हीकडे तीन-अष्टमांश इंच कमी भरतो. तेवढी जागा सांध्यातल्या सिमेंटच्या मालासाठी आधीच सोडलेली असते. ठोकळा आणि सांधा मिळून हिशेब चोख जमतो. ही काटकसर पाहूनच या मालावर माझा जीव जडला. पण ब्लॉकची खरी गंमत त्याच्या मापात नसून पोटात आहे. तिथे दोन, जुन्या ब्लॉकमध्ये बहुधा तीन, उभ्या पोकळ्या असतात. थरावर थर चढत गेला की त्या एकमेकींवर येतात आणि पायापासून वरच्या लाकडी चौकटीपर्यंत भिंतीच्या आत हवेची एक दुसरीच भिंत तयार होते. अमेरिकेतल्या जुन्या घरांच्या तळघरांना जे काही होतं आणि त्यावर जे काही उपाय केले जातात, त्या सगळ्यांचा अर्थ या आतल्या भिंतीपाशी लागतो.

हार्मन पामर याने 1900 साली पोकळ ब्लॉक घडवण्याच्या यंत्राचं पेटंट घेतलं. मग थोड्याच वर्षांत सिअर्स-रोबकच्या कॅटलॉगातून ‘विझार्ड’ नावाचं असलंच यंत्र घरपोच मागवता येऊ लागलं. शेतकऱ्याने आपल्याच अंगणात वाळू-सिमेंट कालवावं, साच्यात ठोकावं आणि आपल्या घराचा पाया आपणच घालावा, असा तो काळ. 1917 मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या फ्रान्सिस स्ट्रॉब याने कोळशाची जळकी खडी वापरून हलका ब्लॉक केला. मिशिगनमधल्या अल्पीना गावच्या बेसर कंपनीच्या यंत्रांनी पुढे त्याला वेग दिला. दुसऱ्या महायुद्धानंतर सैनिक घरी परतले, लग्नं झाली, घरं हवी झाली. ओहायोत क्लीव्हलँडला लागून पार्मा नावाचं उपनगर आहे. 1950 साली तिथली वस्ती सुमारे 29,000 होती, 1960 साली ती 82,000 च्या वर गेली. एवढ्या घाईत उठलेल्या घरांच्या पोटाशी हीच भिंत आहे. तिच्या पोकळीत सळई टाकावी, काँक्रीट भरावं, हे त्या घाईत फारसं कुणाला सुचलं नाही. बाहेरून सिमेंटचा पातळ गिलावा आणि त्यावर डांबराचा काळा हात दिला, की काम संपलं.

त्या काळ्या हाताबद्दल एक गैरसमज अजून टिकून आहे. डांबराचा लेप मातीतली ओल अडवतो. दाबाने येणारं पाणी तो अडवत नाही. शिवाय काही दशकांत तो कडक होतो, तडकतो, माती त्याला ओरबाडून काढते. पायाशेजारी निचऱ्यासाठी पुरलेल्या भाजक्या मातीच्या नळ्या तोवर गाळाने आणि मुळांनी तुंबलेल्या असतात. मग पावसाळी आठवड्यात किंवा बर्फ वितळताना भिंतीबाहेर पाणी उभं राहतं. सात फूट पाणी उभं राहिलं तर तळाशी दर चौरस फुटावर सुमारे 437 पौंड, म्हणजे जवळपास 200 किलो दाब येतो. क्लीव्हलँडच्या आसपास हिमयुगानंतर सरोवराच्या तळाशी बसलेली चिकणमाती आहे. ती ओली झाली की फुगते, आणि हिवाळ्यात वरचे तीन-साडेतीन फूट गोठले की आणखी रेटते. भिंतीला वरून येणारं घराचं ओझं पेलायचं ठाऊक आहे. कडेने येणारा रेटा सोसायचं मात्र तिला कुणी शिकवलेलं नाही.

वाचन सुरू करायचं ते या रेट्यापासून. भिंत खाली फरशीला टेकलेली, वर मजल्याच्या जॉइस्टना, म्हणजे मजला पेलणाऱ्या आडव्या लाकडांना, टेकलेली. बाहेरून माती ढकलते तेव्हा ती मध्ये वाकते. आतली बाजू ताणली जाते, आणि सिमेंटचा सांधा ताण अजिबात सोसत नाही. म्हणून एक आडवी भेग उमटते. ती बहुधा भिंतीच्या मधल्या उंचीवर किंवा थंडी जमिनीत जिथवर उतरते त्या पातळीवर असते, आणि सांध्याच्या रेषेने सरळ धावते. कोपऱ्याजवळ मात्र शेजारची भिंत आधार देते, त्यामुळे तिथे भेग आडवी राहत नाही. सांध्यासांध्याने पायऱ्या चढत किंवा उतरत कोपऱ्याकडे जाते. मध्ये आडवी रेघ आणि दोन्ही टोकांना जिने, एवढी आकृती एकदा डोळ्यांत बसली की कुठल्याही जुन्या तळघरात दिवा लावताच ती ओळखू येते. ब्लॉक स्वतः फुटत नाहीत, सांधे फुटतात. भिंतीने मोडण्यासाठी आपल्या रचनेचीच रेघ निवडावी, यातली सुसंगती मला दर वेळी थक्क करते.

याहून बारीक खूण एक आहे आणि ती जाणकारालाच दिसते. चारही भिंतींना माती सारखीच, तरी वाकलेली असते ती एखादीच. वर पाहा. ज्या भिंतीवर जॉइस्टची टोकं टेकलेली आहेत ती बहुधा ताठ असते. जिच्याशी जॉइस्ट समांतर धावतात तिला वरून टेका मिळालेला नसतो. तीच आत झुकते. म्हणजे भिंतीचा दोष छताकडे पाहून कळतो. आता वरून ओळंबा सोडा. भिंत मध्येच पोटासारखी पुढे आली आहे, की वरपासूनच कलली आहे, की खालचा पहिला थर फरशीने धरून ठेवलेला आणि दुसरा थर त्यावरून आत सरकलेला आहे? तिन्हींचे अर्थ वेगळे. तिसरा सगळ्यांत गंभीर, आणि तोच सर्वाधिक दुर्लक्षिला जातो, कारण तिथे भेग रुंद दिसत नाही, नुसता अर्ध्या इंचाचा कंगोरा दिसतो.

पाणी वाचणं याहून अवघड. भिंत आतून भरीव असती तर भेग आणि गळती एकाच जागी सापडली असती. इथे पाणी बाहेरच्या कातड्यातून पोकळीत शिरतं, खाली उतरतं, सांध्यांतल्या फटींतून आडवं पसरतं आणि शिरल्या जागेपासून दहा-पंधरा फुटांवर, भिंत आणि फरशी जिथे मिळतात त्या कोनात हळूच बाहेर येतं. आपल्या काव्यशास्त्राच्या भाषेत बोलायचं तर इथे वाच्यार्थ फसवा असतो, व्यंजना खरी. ओला डाग दिसतो तिथे दोष असेलच असं नाही. पण खालच्या दोन-तीन थरांवर एका समान उंचीवर पांढरा क्षार फुललेला दिसला, तर ती रेघ बोलकी आहे. तेवढ्या उंचीपर्यंत पोकळ्यांत पाणी उभं राहून गेलं आहे. तो क्षार बोटावर घेऊन चोळा: भुकटी होते, पाण्यात विरघळते. बुरशी विरघळत नाही. घर विकणारे या दोघांची गल्लत होऊ देण्यात पटाईत असतात.

आता दुरुस्त्या. सगळ्यांत लोकप्रिय आणि सगळ्यांत सुमार दुरुस्ती म्हणजे आतून जाड पांढरा वॉटरप्रूफ रंग. ओतीव काँक्रीटच्या भिंतीवर तो काही काळ तग धरतो. पोकळ भिंतीवर त्याच्या मागे पाणी तसंच भरतं, क्षार रंगामागे स्फटिक धरतो आणि दोन-चार वर्षांत रंग तेलात टाकलेल्या पापडासारखा फुगतो. भेगेत इपॉक्सी भरण्याचंही तेच. ओतीव भिंतीत सुई लावून दाबाने भरलेलं इपॉक्सी आरपार जाऊन भेग शिवतं. ब्लॉकमध्ये ते पोकळीत पडून नाहीसं होतं. वाहतं छिद्र बुजवायला घट्ट होताना फुगणारं हायड्रॉलिक सिमेंट चांगलं. पण ते तातडीचं औषध, इलाज नव्हे. या तिन्ही उपायांत चूक एकच: भिंत भरीव आहे असं समजून तिच्याशी वागायचं.

तिला पोकळ मानून केलेली दुरुस्ती पाहायला मात्र मजा येते. भिंतीलगत फरशीची फूटभर रुंद पट्टी फोडतात, पायाच्या कडेने चर खणतात आणि सगळ्यांत खालच्या थरात, प्रत्येक पोकळीला एक, अशी भोकं पाडतात. भोक पडताच आतलं तुंबलेलं पाणी मातकट धार धरून बाहेर येतं. कधी मिनिटभर, कधी बराच वेळ. भिंतीला गळू द्यायचं, फक्त कुठे गळायचं ते आपण ठरवायचं. चरात धुतलेली खडी आणि चार इंची सच्छिद्र नळी टाकतात, ती कोपऱ्यातल्या खड्ड्यातल्या सम्प पंपाकडे उताराने नेतात आणि वर पुन्हा काँक्रीट घालतात. खडी भरलेल्या चराने निचरा करण्याची ही रीत शेतीतून आली. मॅसॅच्युसेट्समधल्या काँकर्डच्या हेन्री फ्लॅग फ्रेंच यांनी 1859 साली शेतातल्या निचऱ्यावर लिहिलेल्या पुस्तकाने ती लोकांपर्यंत पोचवली. त्यांचे चिरंजीव डॅनिअल चेस्टर फ्रेंच म्हणजे वॉशिंग्टनच्या लिंकन स्मारकातल्या बसलेल्या लिंकनचे शिल्पकार. मुलाचं काम बघायला जग जातं, बापाचं काम लाखो घरांच्या फरशीखाली आहे.

या पद्धतीत काही बारकावे पाळावे लागतात. पंपाच्या नळीला पाणी उलटं येऊ न देणारी झडप हवी. बॅटरीवर चालणारा दुसरा पंप हवा, कारण वीज जाते ती नेमकी वादळात. खड्ड्यावर घट्ट झाकण हवं: जमिनीतून येणारा किरणोत्सारी रेडॉन वायू याच वाटेने, आणि ब्लॉकच्या पोकळ्यांतूनही, घरात चढतो. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने उपाय करावा अशी त्याची मर्यादा दर लिटर हवेला 4 पिकोक्युरी ठरवली आहे, आणि ओहायो-पेनसिल्व्हेनियात ती ओलांडणारी घरं भरपूर आहेत.

तरीही शुद्धतावाद्यांचा आक्षेप मला मान्य आहे: आतल्या चराने तळघर कोरडं होतं, भिंत कोरडी होत नाही. भिंत कोरडी करायची तर बाहेरून पायापर्यंत खणायला हवं. सगळी माती उपसायची, भिंत घासायची, फुटके सांधे भरायचे, नवा गिलावा द्यायचा, त्यावर रबरासारखा ताणला जाणारा खरा जलरोधक पडदा, त्यावर गाठी-गाठींचा प्लास्टिकचा पत्रा, म्हणजे पाण्याला भिंतीला न चिकटता खाली उतरायला फट मिळते. तळाशी नवी नळी, कापडात गुंडाळलेली खडी. यात अंगण, झाडं, कधी पोर्चसुद्धा जातो, आणि पैसा आतल्या कामाच्या कितीतरी पट. पण मातीचा रेटा काढल्यावरच वाकलेली भिंत जॅक लावून पूर्ण सरळ करता येते. हा एक गुण बाकी कुठल्याच उपायात नाही.

वाकलेल्या भिंतीला आतून धरून ठेवण्याच्या तीन रीती आहेत. दोन इंचांपर्यंतच्या बाकाला कार्बन फायबरच्या पट्ट्या, साधारण चार-चार फुटांवर, इपॉक्सीने चिकटवलेल्या. त्या अतिशय पातळ असतात, वर रंग दिला की दिसतही नाहीत. मला त्या देखण्या वाटतात, कारण ताण जिथे आहे नेमकं तिथेच, आतल्या पृष्ठभागावर, त्या काम करतात. मात्र खालचा थर सरकला असेल तर नुसत्या पट्टीचा उपयोग नाही. तिला तळाशी आणि वर लाकडी चौकटीत अडकवावं लागतं. दुसरी रीत उभ्या लोखंडी तुळयांची. ओबडधोबड, पण विश्वासू. फक्त जॉइस्ट समांतर असतील तर त्यांच्यात आडव्या लाकडांची जोड देऊन तुळईचं डोकं बांधावं लागतं, आणि घाईचे कंत्राटदार नेमकं हेच टाळतात. तिसरी रीत, अंगणात दूर पुरलेली लोखंडी पाटी आणि भिंतीतून आरपार जाणारा गज. वर्षानुवर्षं कोरड्या ऋतूत नट आवळत नेला तर भिंत थोडीफार परतही जाते. पण त्याला तेवढं अंगण स्वतःच्या मालकीचं लागतं. दोन घरांमध्ये नुसता ड्राइव्हवे असेल तर तो विचार सोडून द्यावा.

क्लीव्हलँडकडे, न्यू जर्सीत, पेनसिल्व्हेनियात बरीच मराठी घरं आता या जुन्या भिंतींवर उभी आहेत. बेसमेंटमध्ये गणपतीची आरास होते, मुलांचं टेबल टेनिस असतं, उन्हाळ्यात भारतातून येणाऱ्या आईबाबांची खोलीही तिथेच निघते. घर घेताना ‘फिनिश्ड बेसमेंट’ पाहून आपण खूश होतो, पण त्या जिप्सम बोर्डामागे वर लिहिलेली सगळी अक्षरं झाकलेली असतात. निदान जॉइस्टना समांतर असलेल्या भिंतीचा एक कोपरा उघडा करून पाहिल्याशिवाय सही करू नये, आणि मत घ्यायचं ते स्वतः दुरुस्ती न विकणाऱ्या स्ट्रक्चरल इंजिनिअरचं.

आणि या साऱ्याच्या आधी वर पाहावं, पन्हळीकडे. हजार चौरस फुटांच्या छतावर एक इंच पाऊस पडला की सुमारे 2,360 लिटर पाणी होतं. ते पायाशी सोडायचं की दहा फुटांवर, हा निर्णय तीस-चाळीस डॉलरच्या नळीचा आहे. घराभोवतीची जमीन पहिल्या दहा फुटांत सहा इंच उतरती हवी, असं बांधकामाचे नियम सांगतात. अनेक जुन्या घरांची जमीन बसून उलटी घराकडेच झुकलेली असते. चार घमेली चिकणमाती आणि पन्हळीची नळी, एवढ्यावर कितीतरी तळघरं कोरडी झाली आहेत. म्हणून दुरुस्तीचा भाव सांगायला आलेला माणूस घराभोवती एक फेरीही न मारता थेट तळघराच्या जिन्याकडे वळला, तर त्याला चहा पाजा आणि निरोप द्या.