प्रेमकथेतील लिंगबदल आणि मराठी क्रियापद

संगणकावरील परस्परक्रियाशील कथेत वाचक हाच नायक असतो. ‘तू’ असे संबोधूनच ती पुढे सरकते. स्टीव्ह मेरेत्स्की यांच्या ‘लेदर गॉडेसेस ऑफ फोबोस’मध्ये (१९८६) वाचक कोणत्या प्रसाधनगृहात शिरतो यावरून त्याचे लिंग ठरते आणि त्यानुसार सोबत्याचे नाव ट्रेंट किंवा टिफनी होते. ग्रॅहम नेल्सन यांची ‘जिगसॉ’ (१९९५) याहून धीट आहे. तीत नायक आणि त्याला मोहविणारी व्यक्ती, दोघांचेही लिंग अनिश्चितच राहते. पहिल्या कृतीत लिंग बदलता येते, दुसरीत ते लपते. इंग्रजी क्रियापद लिंगाबाबत मुके असल्यामुळे दोन्ही साधते.

मराठीत ‘तू आलास’ की ‘तू आलीस’, हे पहिल्याच वाक्यात ठरवावे लागते. तरीही आपल्या व्याकरणात काही आडोसे आहेत. ‘तू पत्र लिहिलेस’, ‘तुला भीती वाटली’, ‘तू येशील’ यांतून ‘तू’चे लिंग कळत नाही. ‘तू प्रेम केलेस’ हे कोणालाही म्हणता येते. ‘तू प्रेमात पडलास’ म्हणताच पुरुष उघडा पडतो. परंतु या आडोशांची किंमत मोठी आहे. येणे, थांबणे, हसणे, परतणे या देहाच्या साध्या क्रिया भूतकाळात वर्ज्य होतात. ‘तू रडलीस’च्या जागी ‘तुला रडू आले’ येते. कर्ता जाऊन केवळ भोक्ता उरतो. अशा संहितेतील प्रेमिकाला सारे काही वाटते, सुचते, आठवते. तो स्वतः मात्र फारसा हलत नाही. प्रणयकथेचा गाभाच त्याने बदलतो.

हा पेच सर्व भाषांचा नव्हे. नागपूर-हैदराबाद महामार्गावरील पांढरकवड्याच्या परिसरात मराठीबरोबर कोलामी, गोंडी आणि तेलुगूही बोलल्या जातात. तेलुगूत किंवा कोलामीत ‘मी आलो’ आणि ‘मी आले’ यांना एकच रूप आहे; पुरुष आणि पुरुषेतर हा भेद तृतीय पुरुषी क्रियापदात प्रकटतो. ‘मी’ आणि ‘तू’ यांच्यातच राहणारी प्रेमकथा तेथे लिंग न सांगता चालू शकेल. मराठीत शिरताच तिला प्रत्यय निवडावा लागेल.

ही सक्ती मराठीचे दौर्बल्य आहे, असे मला वाटत नाही. प्रत्यय बदलण्याचे काम यंत्रही करील; अर्थाचे काय? ‘ती मध्यरात्री त्याच्या दाराशी आली’ या वाक्यामागे अभिसारिकेची परंपरा उभी राहते. ‘तो मध्यरात्री तिच्या दाराशी आला’ म्हटले, की दाराआडच्या स्त्रीचे भय आधी जाणवते. शब्द तेच, धोका मात्र एका देहावरून दुसऱ्यावर गेला. नावे आणि सर्वनामे बदलून समता साधली असे मानणारा लेखक हे स्थलांतर पाहतच नाही. (चांगल्या हेतूने लिहिलेल्या संहितांत हे अधिक घडते.)

मराठी रंगभूमीने लिंग लपविले नाही. देह आणि प्रत्यय यांना परस्परांसमोर उभे केले. १९२१च्या ‘संयुक्त मानापमान’मध्ये केशवराव भोसले धैर्यधर होते, बालगंधर्व भामिनी. दोन पुरुषांमधील तो प्रणय प्रेक्षकांनी स्त्री-पुरुषांचा म्हणून स्वीकारला, त्यात वेष आणि गळा यांच्याइतकाच क्रियापदाच्या स्त्रीलिंगी प्रत्ययाचाही वाटा होता. भामिनीचे ‘आले’ ऐकताना रंगमंचावर कोण आले आहे, हे प्रेक्षागृहात प्रत्येकाला ठाऊक होते.