गणित सोडवताना मूल काय विचार करतं, हे प्रश्नावलीतून कळतं का?

पीएच.डी.साठी ‘मेटाकॉग्निटिव्ह कौशल्ये, बोधनशैली आणि गणितातील समस्या-निराकरण’ असा विषय घ्यायचा विचार करताय? माझ्या पहिल्या सिनॉप्सिसचा आराखडाही तोच होता: दोन चाचण्या द्यायच्या, गणिताचे गुण घ्यायचे, सहसंबंध काढायचा. आज मला तो कच्चा वाटतो. का, ते सांगते.

मेटाकॉग्निशन म्हणजे आपल्याच विचारावर नजर ठेवणं आणि गरज पडली तर तो वळवणं. जॉन फ्लॅव्हेल यांच्या १९७९ च्या लेखानंतर ही संकल्पना रुजली. ती मोजायला अनेक जण श्रॉ आणि डेनिसन यांची १९९४ ची ५२ विधानांची प्रश्नावली घेतात. पण ‘मी उत्तर तपासतो’ अशा विधानापुढे खूण करणारा मुलगा परीक्षेत खरंच तपासतो का? ते खुणेवरून कळत नाही.

ॲलन शोएनफेल्ड यांनी वेगळा मार्ग धरला. मुलांना बोलत-बोलत गणित सोडवायला लावलं, त्याचं रेकॉर्डिंग केलं आणि किती वेळ कशात गेला ते तपासलं. त्यांच्या १९८५ च्या पुस्तकात दिसतं की अनेक मुलं प्रश्न वाचून सुचेल ती वाट धरतात आणि वेळ संपेपर्यंत सोडत नाहीत. गणितज्ञ मात्र मध्येच थांबून वाट बदलतो. मुलांना सूत्रं येत होती, पण ‘हे मी का करतोय?’ हा प्रश्न पडत नव्हता.

आता बोधनशैली. हर्मन विटकिन यांच्या चाचणीत गुंतागुंतीच्या चित्रात लपलेली साधी आकृती शोधायची असते. जास्त सापडल्या तर ‘क्षेत्र-स्वतंत्र’, कमी सापडल्या तर ‘क्षेत्र-अवलंबी’. गोम इथेच आहे. शैली म्हणजे दोन वेगळ्या पद्धती. इथे तर एका बाजूला सरळ जास्त गुण मिळतात. मग ही शैली की क्षमता? वर गणिताच्या चाचणीत भूमिती असेल, तर आपण एकच गोष्ट दोनदा मोजून त्याला ‘सार्थ सहसंबंध’ म्हणतोय.

प्रश्नावली टाकाऊ आहे असं नाही. तीनशे मुलांचं रेकॉर्डिंग कोण ऐकणार? शिवाय बोलत सोडवताना काहींचा विचार तुटतो. पण निदान दहा मुलांना समोर बसवून सोडवताना बघा, त्यांच्या खुणांशी ताडून पाहा. अवकाशीय क्षमतेची वेगळी चाचणी घ्या आणि तिचा प्रभाव वगळल्यावर सहसंबंध उरतो का, ते तपासा. सिनॉप्सिस जमा करण्याआधी एवढं कराच.