हार्डीची बिअर आणि पन्नास गुण

थॉमस हार्डीच्या 'द ट्रम्पेट-मेजर' (1880) या कादंबरीत कॅस्टरब्रिजच्या कडक बिअरचे वर्णन येते. कॅस्टरब्रिज म्हणजे इंग्लंडच्या डॉर्सेट परगण्यातले डॉर्चेस्टर. आधी रंग, मग बिअरचा भरीवपणा, तिची तरतरी, चवीचा एकजिनसीपणा, आणि अखेरीस हळूच दिलेली कबुली, की ती जरा डोक्यात चढते. चाखणीच्या समीक्षेचा हा उत्तम नमुना आहे. त्यात एकच गोष्ट नाही : वास.

हार्डीच्या निधनाला 40 वर्षे झाली तेव्हा, 1968 साली, डॉर्चेस्टरच्याच एल्ड्रिज पोप कंपनीने 'थॉमस हार्डीज एल' काढली. 1999 नंतर ती थांबली. 2003 मध्ये डेव्हनमधल्या ओहॅनलन्स या छोट्या ब्रुअरीने ती पुन्हा सुरू केली आणि 2008 पर्यंत चालवली. मद्यार्क सुमारे 12 टक्के. अशा बिअरची जुनी इंग्रजी रीत सोपी होती : माल्टवर गरम पाणी घातल्यावर उतरणारा पहिला दाट, गोड काढा कडक बिअरसाठी, दुसऱ्या पाण्याची साधी बिअर. काढा बराच वेळ उकळला की रंग गडद होतो. वाढत्या मद्यार्कात यीस्ट थकते आणि थोडी साखर उरते. पुढे बाटलीत वर्षानुवर्षे प्राणवायूशी संथ संयोग होऊन शेरीची छटा येते. साध्या बिअरमध्ये हाच संयोग ओल्या पुठ्ठ्याची चव देतो आणि परीक्षक गुण कापतात!

गेल्या हिवाळ्यात लंडनला मुलीकडे असताना जावयांनी लेबल झाकलेल्या बाटलीतून एक पेला भरून दिला. सोबत बीजेसीपी या परीक्षक-संस्थेची 50 गुणांची पत्रिका : वास 12, रूप 3, चव 20, तोंडातला स्पर्श 5, एकूण प्रभाव 10. रंग गडद तांबूस, फेस नावापुरता. पहिला घोट फार थंड होता. नुसता गोडवा आणि घशात जळजळ. पेला तळव्यांत धरून वीस मिनिटे थांबलो. मग काकवी आली, खजूर आला, भिजवलेल्या मनुका आल्या, आणि मागून कातडी बांधणीच्या जुन्या पुस्तकाचा वास. (ग्रंथालयातले एक कपाट आठवले, पण त्यासाठी पत्रिकेत रकाना नाही.) हॉपचा कडूपणा उशिरा येतो आणि गोडवा आवरतो. वासाला 11 दिले. स्पर्शाचे दोन कापले, कारण तोंडात ती निपचित पडून होती. बेरीज 38.

मग लेबल दाखवले गेले : ओहॅनलन्स, 2007. माझा हात लगेच 38 चे 43 करायला निघाला. हस्तलिखितावर मोठे नाव दिसले की आपल्याकडचे परीक्षक हेच करतात, आणि त्यांना मी आजवर पुष्कळ बोललो आहे.

हात आवरला आणि 'ट्रम्पेट-मेजर' उघडले. तिथे तर हार्डीच्याच कसोटीवर ही बाटली उणी ठरत होती. त्याची बिअर उसळती आहे. ही तळ्यासारखी स्थिर. तिचे सगळे बळ वासात, म्हणजे नेमके हार्डीने वगळले तिथे. या प्रकाराच्या नियमांना मात्र कमी वायू चालतो, म्हणून स्पर्शाचा एक गुण परत केला. 39. त्या एका गुणात हार्डीच्या नावाचा वाटा किती, हे मला छातीठोकपणे सांगता येणार नाही.

जावयांनी 45 दिले होते. लेबल त्यांनीच झाकले होते.