स्टॉलवरचा नमुना आणि पोत्यातला माल

दुबईच्या ‘गल्फूड’सारख्या आंतरराष्ट्रीय प्रदर्शनात माल मांडला की व्यापार वाढतो, असं आपल्या लातूर-नांदेडकडे सर्रास म्हटलं जातं. हे अर्धंच खरं आहे. प्रदर्शनात ओळख होते. व्यापार दुसऱ्या ऑर्डरपासून सुरू होतो.

हळदीचंच बघा. स्टॉलवर निवडक, पॉलिश केलेली हळकुंडं असतात. संशोधनात याला कुणी प्रातिनिधिक नमुना म्हणणार नाही. ज्या कीटकनाशकासाठी वेगळी मर्यादा ठरलेली नाही, त्याच्या अंशाला युरोपात किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम ही सर्वसाधारण मर्यादा लागते. म्हणजे शंभर टनांत एक ग्रॅम! दहा शेतांची हळद एकत्र केली, तर एकाच शेतातली चुकीची फवारणी सगळा लॉट अडकवू शकते.

तूरडाळीचं दुखणं वेगळं. लातूरच्या बोरसुरी तूरडाळीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, चांगलं झालं. पण २००६ ते २०१७ या काळात बहुतेक डाळींच्या निर्यातीवर आपल्याच सरकारची बंदी होती. दार असं मध्येच बंद होत असेल, तर परदेशी खरेदीदार भरवसा कसा ठेवणार?

म्हणून प्रदर्शनाचं यश स्टॉल आणि करारांच्या आकड्यांवर मोजू नये. वर्षभरानं किती जणांनी पुन्हा माल मागवला, ते मोजावं.