सूड आणि ऐकणारा कान

आजचा विषय किशोरवाङ्मयातला सूड. इंग्रजीत ज्याला 'यंग अडल्ट' म्हणतात त्या कादंबरीत गेली काही वर्षं सूडकथा बऱ्याच आल्या, आणि त्या चांगल्याच काळोख्या आहेत. पालकांची तक्रार ठरलेली : मुलांनी हे वाचायचंच कशाला? हा प्रश्न आपण जरा बाजूला ठेवू. त्याआधीचा प्रश्न असा की, सूड घ्यायला निघालेल्या मुलीचं म्हणणं ऐकून घ्यायला कोणी होतं का?

कोर्टनी समर्स या कॅनडातल्या लेखिकेची 'सेडी' घेऊ. २०१८ची कादंबरी, २०१९मध्ये तिला किशोर विभागातला एडगर पुरस्कार मिळाला. कथा अमेरिकेत, कोलोरॅडोतल्या एका लहान गावात सुरू होते. सेडी एकोणीस वर्षांची. तिच्या तेरा वर्षांच्या बहिणीचा, मॅटीचा, खून झालाय. आई व्यसनी, ती आधीच निघून गेलेली. खुनी कोण हे सेडीला ठाऊक आहे. आईचा एके काळचा जोडीदार, ज्याने लहानपणी सेडीवरही अत्याचार केले होते. चाकू घेऊन ती त्याच्या मागावर निघते.

आता गंमत बघा, सेडी तोतरी आहे. मनात तिची भाषा धारदार, ओठांवर शब्द अडतात, आणि समोरच्याला तेवढा धीर नसतो. म्हणजे तिचं पूर्ण वाक्य फक्त वाचकाला ऐकू येतं. कादंबरीचा उरलेला भाग ही एका पॉडकास्टची संहिता आहे. ती चालवणारा वेस्ट मॅक्रे सुरुवातीला या प्रकरणाला हातच लावायला तयार नसतो. मुली काय, पळून जातातच, असं त्याला वाटतं. तो निघतो तेव्हा सेडी केव्हाच बेपत्ता झालेली असते, आणि पुस्तकभर तो तिच्या मागे, तिनं गाठलेल्याच माणसांची दारं ठोठावत फिरतो. ही रचना आम्हाला फार मोलाची वाटते. रहस्यकथेची युक्ती म्हणून ती वाचली तर निम्मं पुस्तक हातातून गेलं.

पण एक आक्षेप आहे. हेगेल म्हणतो, सूड आशयाने न्याय्य असू शकतो, पण तो एका व्यक्तीच्या खासगी इच्छेचं कृत्य असतो म्हणून त्यातून नवा अपराध जन्मतो, आणि साखळी संपत नाही. आपल्याकडे अश्वत्थामा आठवा. त्याचा बाप कपटाने मारला गेला, तक्रार खरीच होती. तरी द्रौपदीची झोपलेली मुलं त्याने मारली, आणि महाभारत ती रात्र आपल्याला दाखवतं. समर्स मात्र नेमक्या क्षणी सेडीचा आवाज तोडतात. पुढे इतकंच कळतं, की तो माणूस मेला आणि सेडीचा पत्ता नाही. सेडीच्या बाबतीत हे मौन प्रामाणिक आहे. वाचकाची मात्र ती सुटका आहे. खलनायक इतका निखळ दुष्ट, की हेगेलचा प्रश्न मनात यायला जागाच उरत नाही.

याउलट जे ॲशर यांची २००७ची 'थर्टीन रीझन्स व्हाय'. हॅना आत्महत्येपूर्वी सात कॅसेट मागे ठेवते, आणि आपल्याला दुखावणाऱ्यांनी त्या ऐकाव्यात अशी व्यवस्था करून जाते. मेल्यावर सगळे ऐकतील, एकही शब्द अडणार नाही! हा खरा धोका, सेडीच्या चाकूपेक्षा मोठा. ज्या मुलाचं घरी कोणी ऐकत नाही, त्याला हे स्वप्न फार गोड वाटेल. पण मेलेल्या मुलीला तो श्रोतृवर्ग भेटत नाही, आणि हे पुस्तक तिकडे पुरेसं बघत नाही.

तरी त्यातली तेरावी गोष्ट वेगळी आहे. तिथे हॅना जिवंत आहे. शाळेतल्या समुपदेशकासमोर बसून ती अडखळत, अर्धवट बोलते; तो तिला, हे मागे टाकून पुढे जा, असा पर्याय सुचवतो, आणि ती उठून जाते. तेवढं प्रकरण 'सेडी'च्या शेजारी ठेवता येईल. पालकांनी बाकीचं पुस्तक नाही वाचलं तरी चालेल, पण ही शेवटची भेट वाचावी.